गाणं नको, धक्का हवा

बाजारात सगळे तिला वहिनी म्हणायचे. तशी ती वहिनी एकाचीच, पुढच्या बाजूला गॅरेज चालवणाऱ्या धाकट्या दिराची. पण तो दिवसभर "वहिनी, जरा बघता का" अशी हाक मारायचा, आणि ती ऐकून ऐकून मेकॅनिक, चहावाला, गिऱ्हाइकं, सगळ्यांनीच ते नाव उचललं. तिच्याहून दहा पावसाळे जास्त पाहिलेली माणसंही तिला वहिनी म्हणत. तिला आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

गॅरेजच्या मागच्या खोलीत पूर्वी तिचा नवरा गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायचा. ती दुपारी डबा घेऊन यायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत वायरी सोलून द्यायची. डबा पोचवता पोचवता ती काम शिकली. नवरा एका सकाळी छातीत कळ येऊन गेला, तेव्हा ती खोली ठेवायची की भाड्याने द्यायची, यावर घरात बरीच चर्चा झाली. चर्चा चालू असतानाच तिने एक दिवस जाऊन कुलूप उघडलं आणि टेबलावरची धूळ पुसली.

पुढे नव्या गाड्या आल्या. त्यांना टेप नको, स्पीकर नको, सगळं कारखान्यातूनच बसून यायचं. काम आटलं. मग एक वेगळंच खूळ निघालं. काही गाड्यांचे दिवे गाण्याच्या ठेक्यावर नाचवता येतात. हेडलाइट, इंडिकेटर, मागचे लाल दिवे तालात लागतात, विझतात. काचा खालीवर होतात, आरसे मिटतात आणि उघडतात. त्याला दोन फाइली लागतात, एक दिव्यांची आणि एक गाण्याची. त्या पेनड्राइव्हवर टाकायच्या, पेनड्राइव्ह गाडीला लावायचा, की झालं. लोकांचं घोडं अडायचं ते या 'की झालं'पाशी. पेनड्राइव्ह लावून बसले तरी गाडी ढिम्म.

असे अडलेले लोक वहिनीकडे यायचे. कारणं बहुधा तीच ती असत. फोल्डरच्या नावात कुणीतरी ध चा मा केलेला असायचा. दोन फाइलींची नावं सारखी हवीत, ती वेगळी असायची. कुणी त्याच पेनड्राइव्हवर गाडीच्या कॅमेऱ्याची चित्रं साठवत असायचा, आणि गाडीला ते चालायचं नाही. कुणाचा पेनड्राइव्हच चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला. ती सांगायची, समजावायची, पुढच्या खेपेला तोच माणूस तीच चूक घेऊन हजर. पालथ्या घड्यावर पाणी.

हे कामही तिने केलं असतं हसत. तिला जड जात होता तो आवाज. दुरुस्ती झाली की गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवावं लागे, आणि चालवायचं म्हणजे गाणं आलंच. वाढदिवसाला एक ठरलेलं गाणं, लग्नाला एक ठरलेलं, आणि दोन्हींत धडधड सारखीच. एकदा चालवलं की गिऱ्हाईक म्हणे, "वहिनी, परत एकदा लावा ना, व्हिडिओ काढतो." मग परत एकदा. संध्याकाळी ती दुकान बंद करायची तेव्हा कानात मधमाशांचं पोळं बसल्यासारखं वाटायचं.

आणि घरी सासूबाई होत्या. सासूबाईंना गेल्या काही वर्षांत ऐकू येईनासं झालं होतं, पण ते त्या मान्य करायला तयार नव्हत्या. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्या जेवणाचं ताट पुढे सारून उठायच्या. त्यामुळे वहिनीला घरात शिरल्यापासून ओरडून बोलावं लागे. चहा घेणार का, हे ओरडून. औषध घेतलंत का, हेही ओरडून. शेजारणीला वाटायचं, या दोघी सदान्‌कदा भांडतात. एकदा तिने वहिनीला जिन्यात गाठून हळूच सांगितलंही, "अहो, म्हाताऱ्या माणसाशी जरा गोडीने बोलावं." वहिनीने मान डोलावली. खुलासा करायलाही आवाज लागतो, आणि तो तिच्याजवळ उरला नव्हता.

असंच चाललं असताना एका दुपारी एक जोडपं दुकानात आलं. नवरा साठीला टेकलेला, बोटांच्या पेरांत शाई मुरलेली. बायको त्याच्याहून थोडी लहान, खांद्याला शिवणाची कापडी पिशवी. वहिनी म्हणाली, "या, बसा. काय अडलंय?" बाईने उत्तर न देता फोन काढला, त्यावर काही लिहिलं आणि पुढे धरला. 'आम्हा दोघांना ऐकू येत नाही. लिहून बोलू. चालेल ना?'

वहिनीने पुढे येऊन लिहिलं, 'चालेल की.' आणि लिहिताना तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की चला, निदान या गिऱ्हाइकापुढे घसा ताणायला नको.

मग त्या बाईने सगळं लिहून सांगितलं. तिचा नवरा एका छापखान्यात मशीन चालवायचा. उभा जन्म त्याने एकाच मशीनवर काढला होता आणि या महिन्याअखेर तो निवृत्त होणार होता. त्यांच्यासारख्या ऐकू न येणाऱ्या लोकांचं एक मंडळ होतं. ते सगळे मित्र त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जमणार होते. छापखान्यात बाहेरच्या माणसांना आत घेत नाहीत, म्हणून नवऱ्याच्या मनात आलं होतं, मशीन नाही तर नाही, गाडीच्या दिव्यांतून मित्रांना मशीनचा ठेका दाखवावा. गाडी त्यांनी जुनी घेतली होती, पण जिवापाड जपली होती. दिव्यांची फाइल त्याने स्वतः संगणकावर बसून बनवली होती. कागद आत जातो तेव्हा उजवीकडचे दिवे, रूळ फिरतो तेव्हा पुढचे, छापलेला कागद पडतो तेव्हा मागचे लाल. पण गाडी काही केल्या ती फाइल घेत नव्हती.

'आधी दोन ठिकाणी गेलो,' बाईने लिहिलं. 'दोघांनी सांगितलं, गाणं टाका. एकाने स्वतःच्या पेनड्राइव्हवर कुठलं तरी टाकून दिलं. दिवे लागले, पण गाणं मध्येच संपलं आणि दिवेही मध्येच थांबले. इमारतीतली मुलं हसत होती. गाण्याचा आणि दिव्यांचा मेळ नव्हता म्हणे. आम्हाला काय कळणार? म्हणून तो पेनड्राइव्ह परत केला.'

वहिनी वाचत होती तेवढ्यात दिराने पुढून हाक दिली. एका लाल गाडीचं काम सकाळीच झालं होतं आणि मालक ती न्यायला आला होता. वहिनीने दोघांना थांबायची खूण केली आणि अंगणात जाऊन लाल गाडी चालवून दाखवली. नेहमीची धडधड सुरू झाली. तिने सवयीने तोंड फिरवलं, तर ती बाई मागोमाग बाहेर येऊन लाल गाडीच्या दारावर तळहात टेकवून उभी होती. डोळे मिटलेले. वहिनीच्या ते लक्षात आलं, पण तिने त्याचा फार विचार केला नाही.

मग ती त्यांच्या कामाला लागली. आधी स्वतःचा, खात्रीचा पेनड्राइव्ह त्यांच्या गाडीला लावला. दिवे लागले, म्हणजे गाडी ठीक. मग त्याच फाइली त्यांच्या पेनड्राइव्हवर टाकून पाहिल्या. गाडी गप्प, म्हणजे खोट पेनड्राइव्हमध्ये. तिने तो पुसून नीट फॉरमॅट केला. आता राहिला प्रश्न गाण्याचा. दिव्यांच्या फाइलीला जोडीला आवाजाची फाइल नसेल तर गाडी तिला हातच लावत नाही. पण त्या फाइलीत आवाज असलाच पाहिजे, असं कुठे आहे? तिने दिव्यांच्या फाइलीएवढ्याच लांबीची एक मुकी फाइल बनवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शांतता. दोन्ही फाइलींना एकच नाव दिलं आणि पेनड्राइव्ह गाडीला लावला.

अंगणात उन्हं उतरली होती. भिंतीच्या सावलीत उभी केलेली ती गाडी हळूहळू जागी झाली. उजवीकडचा दिवा, पुढचे दोन, मागचे लाल. परत उजवीकडचा. आधी सावकाश, मग वेग धरत, मग एका लयीत. काचा सरकल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता, बाकी काही नाही. वहिनी तिथेच पायरीवर टेकली. इतकी वर्षं दिवे लावत आली, पण नुसते दिवे तिने कधी पाहिलेच नव्हते. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं तिला झालं. हे संपू नये, असं तिला वाटलं.

दिवे थांबले. नवरा खूश होता, दोन्ही हात हलवून तिला दाद देत होता. बाई मात्र गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तिने फोन काढला.

'हात लावला तर काहीच नाही. त्या लाल गाडीत होतं.'

वहिनीने लिहिलं, 'तुम्हाला गाणं हवं आहे का?'

बाईने मान हलवली आणि लिहिलं, 'गाणं नको. धक्का हवा.'

तिने तो मजकूर नवऱ्यालाही दाखवला. त्याने वाचलं, थोडा वेळ गाडीकडे पाहिलं, आणि सावकाश मान डोलावली. मघाशी जी शांतता वहिनीला स्वर्गासारखी वाटली होती, ती या दोघांना रोजच फुकट मिळत होती. त्यांना हवी होती नेमकी तीच धडधड, जिच्यामुळे तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

खरं तर तिला तेव्हा नाही म्हणावंसं वाटलं होतं. अंगात त्राण नव्हतं, आणि ताल जुळवून नवी फाइल बनवायची म्हणजे किचकट काम. पण नवरा आपल्या शाईच्या बोटांनी बॉनेटवर ठेका धरून दाखवत होता, धप, धप-धप, धप, आणि तिला विचारत होता, की हे जमेल का. तिने लिहिलं, 'तुमचं मशीन मला बघायला मिळेल?'

छापखान्याच्या मालकाने परवानगी दिली, आणि दोन दिवसांनी ती तिथे गेली. दार उघडताच आवाज अंगावर आला. बाकीच्या कामगारांनी कानात बोळे घातले होते. शाईच्या बोटांचे ते गृहस्थ तेवढे मोकळ्या कानांनी मशीनपाशी उभे होते. तिने कानांवर हात ठेवलेले पाहून त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं आणि मिस्कील हसले. 'याचा मला हा एक फायदा,' असं त्या हसण्यात स्पष्ट होतं. मग त्यांनी तिला जवळ बोलावून मशीनच्या बाजूच्या पत्र्यावर हात ठेवायला सांगितला.

आवाजात तिला काही कळत नव्हतं, सगळा गोंधळ होता. पत्र्यातून मात्र एकेक गोष्ट वेगळी आली. कागद ओढला जातो तो एक झटका, रूळ फिरतो ती जड घरघर, कागद पडतो ती हलकी थाप. दिव्यांची फाइल तिने पाहिलीच होती. आता ती तिच्या तळहाताखाली चालत होती. एवढ्यात ते गृहस्थ एकदम वाकले, एक खिट्टी किंचित पिळली आणि परत हात ठेवायची खूण केली. घरघर आधीपेक्षा गुळगुळीत झाली होती. शेजारच्या कामगाराने ओरडून वहिनीला सांगितलं, "मशीन बिघडायच्या आधी त्यांच्या हाताला कळतं. आता ते गेल्यावर आमचे हाल आहेत."

तिने फोनवर मशीनचा आवाज भरून घेतला. दुकानात येऊन त्यातली किरकिर, खडखड सगळी गाळून टाकली आणि तळाची जड धडधड तेवढी ठेवली. मग ती दिव्यांशी जुळवत बसली. कधी दिवा आधी लागे, कधी धक्का आधी येई. भाऊजी येऊन दोनदा म्हणाले, "वहिनी, बाकीची गिऱ्हाइकं ताटकळलीत." ती म्हणाली, "ताटकळू देत, भाऊजी. त्यांचं गाणं कुठे पळून जात नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी ती सासूबाईंना बरोबर घेऊन गेली. हौस म्हणून नव्हे. आदल्याच आठवड्यात सासूबाईंनी दूध गॅसवर ठेवलं, ते उतू जाऊन भांडं करपलं, शेजारीण दार ठोठावून थकली आणि आत यांना पत्ताच नाही. त्यांना एकटं ठेवायचा धीर तिला होईना. "कुठे नेतेस गं मला?" सासूबाई वाटेत तीनतीनदा विचारत होत्या, आणि ती रिक्षाच्या आवाजावर ओरडून सांगत होती.

दिवेलागण झाली होती. पार्किंगमध्ये पंचवीस-तीस माणसं जमली होती. हात हलत होते, चेहरे हसत होते, कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारून वळवत होतं. मध्ये ती गाडी, धुऊन पुसून लख्ख. सासूबाई एका खुर्चीवर बसल्या आणि टकामका पाहू लागल्या.

"या सगळ्यांना ऐकू येत नाही?" त्यांनी विचारलं.

वहिनीने मान हलवली, नाही.

"कुणी ओरडत नाहीये इथे," सासूबाई म्हणाल्या.

छापखान्यातल्या गृहस्थांनी पेनड्राइव्ह लावला. सगळे थांबले. गाडी ढिम्म. त्यांनी काढून परत लावला. काही नाही. सगळ्यांच्या नजरा वहिनीकडे वळल्या. तिने लॅपटॉप उघडून पेनड्राइव्ह पाहिला. फोल्डरच्या नावात एक अक्षर जास्त होतं. थकलेल्या बोटांनी तिनेच ते टाकलं होतं. हीच चूक ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पदरात मोजून घालत आली होती. तिने ते अक्षर खोडलं आणि त्या बाईला लिहून दाखवलं, 'चूक माझी.' बाईने तिच्या दंडाला हलकेच चिमटा काढला आणि हसली.

या वेळी गाडी चालली. उजवा दिवा, पुढचे दोन, मागचे लाल, आणि खालून ती जड धडधड. छापखान्यातल्या गृहस्थांनी बॉनेटवर दोन्ही तळहात टेकवले. त्यांच्या बायकोने दारावर टेकवले. मग एकेक करत सगळे पुढे सरकले. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी पुढच्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडीभोवती माणसांचं कडं झालं. एका म्हाताऱ्याने गाल टपावर टेकवला होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे एक जण तणतणत खाली आले. "काय चाललंय हे? भिंती हादरतायत आमच्या! आवाज कमी करा!" त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. ते आणखी मोठ्याने ओरडले. मग त्यांना काय ते उमगलं असावं, कारण ते गप्प झाले, जरा घुटमळले, आणि जिन्याच्या कठड्याला टेकून बघत राहिले.

वहिनी सासूबाईंकडे वळली तर खुर्ची रिकामी. सासूबाई कड्यात शिरल्या होत्या. कुणीतरी सरकून त्यांना जागा दिली होती आणि त्यांचा सुरकुतलेला हात मागच्या लाल दिव्याच्या वर, डिकीवर होता. वहिनी त्यांच्याजवळ गेली. दिवे थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"हे येतं मला," थांबल्यावर त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, गाडीकडेच बघत, "बाकीचं नाही येत गं ऐकू आता. बरेच दिवस झाले."

वहिनीने त्यांच्या डिकीवरच्या हातावर आपला हात ठेवला. ओरडून बोलण्यासारखं ते नव्हतं.

छापखान्यातले गृहस्थ निवृत्त झाले. त्यांच्या मंडळातल्या दोघातिघांनी पुढे वहिनीकडून आपापल्या गाड्यांसाठी तशा फाइली करून घेतल्या. एकाला शिवणयंत्राचा धक्का हवा होता, एकीला गिरणीचा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढ्या खटपटीपेक्षा गाणी बरी." कामाच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. गाण्यांची गिऱ्हाइकं थांबली नाहीत, आणि ती दमायचीही थांबली नाही. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला आणखी दीड महिना गेला, कारण तिला सुट्टी मिळेना, आणि मिळाली तेव्हा सासूबाईंचं मन परत फिरलं होतं. शेवटी एका सकाळी त्या स्वतःच साडी बदलून दारात उभ्या राहिल्या.

कानाला यंत्र बसवून त्या घरी आल्या. भांड्यांचा आवाज त्यांना मोठा वाटला, नळाचा मोठा वाटला, स्वतःच्या चपलांचासुद्धा. वहिनीने स्वयंपाकघरातून नेहमीसारखं विचारलं, "आई, चहा घेणार का?"

सासूबाईंनी कानावर हात नेला. "अगं, केवढ्यांदा ओरडतेस," त्या म्हणाल्या. "तू नेहमी अशीच बोलतेस का?"

वहिनीने हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग तिने परत विचारलं, हळू आवाजात. तो आवाज तिचा तिलाच परका वाटला. हळू बोलायची सवय लागायला तिला पुढे बरेच दिवस गेले.